जमिनीचा उतार आणि पाण्याची वाट

भूमी म्हणजे माती, असा आपला सर्वसाधारण समज असतो. सात-बाराच्या उताऱ्यावर क्षेत्र लिहिलेले असते, आकार लिहिलेला असतो, पीकही लिहिलेले असते. परंतु त्या क्षेत्राचा उतार कोणत्या दिशेस आहे व त्यावर पडलेले पाणी कोणत्या वाटेने निघून जाते, ह्याची नोंद त्यात नसते. वस्तुतः शेतीचे बरेवाईट ह्या दोन गोष्टींवरच फार अवलंबून असते. माती तीच, पाऊस तोच, पण उतार बिघडला की जमीन बिघडते. आणि पाण्याची वाट मोडली की ते पाणी मोडणाऱ्याच्याच नव्हे, तर शेजाऱ्याच्याही रानात शिरते. बिघडलेला उतार व मोडलेली वाट पुन्हा नीट करण्याची विद्या मनुष्याने कोठे व कशी मिळविली, आणि आज ज्या ठिकाणी दगडी कोळशासाठी मैलोगणती जमीन उलथून टाकली जाते त्या ठिकाणी ती विद्या का हवी आहे, ह्याचा हा थोडक्यात इतिहास आहे.

आरंभ करमाळ्यापासून करणे सोयीचे आहे. सोलापूर जिल्ह्याच्या वायव्य टोकास असलेला हा तालुका भीमा व सीना ह्या दोन नद्यांच्या मधोमध पसरला आहे. मधल्या उंचवट्यावरून निघालेले कित्येक ओढे भीमेकडे वळतात, तर कान्होळ्यासारखे प्रवाह सीनेस जाऊन मिळतात. सह्याद्रीने अडविलेल्या पावसातून जे काही उरते तेच ह्या भागाच्या वाट्यास येते. मृगात आभाळ भरून येते आणि वाऱ्याबरोबर निघून जाते; खरा भरवसा भाद्रपद-आश्विनातील पावसाचा, आणि त्यावरच रब्बीची ज्वारी उभी राहते. राव रंभाजी निंबाळकरांनी अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात उभारलेल्या कमलाभवानीच्या मंदिरापाशी शहाण्णव पायऱ्यांची विहीर आहे. यात्रेस जाणारा मनुष्य पायऱ्यांची संख्या कौतुकाने मोजतो. परंतु पाण्यापर्यंत पोचण्यास इतक्या पायऱ्या उतराव्या लागत होत्या, हाच त्या विहिरीने सांगितलेला ह्या मुलखाचा भूगोल होय.

येथील काळ्या जमिनीचा स्वभाव मोठा चमत्कारिक आहे. उन्हाळ्यात तिला हात हात खोल भेगा पडतात. पहिल्या पावसाचे पाणी त्या भेगांतून सरळ खाली उतरते. मग माती फुगते, भेगा मिटतात, आणि वरचा पृष्ठभाग लाखेच्या लेपासारखा बंद होतो. त्यानंतर येणारी जोराची सर जमिनीत न मुरता उतारावरून धावू लागते. पाणी धावू लागले म्हणजे ते रिकाम्या हाताने जात नाही. वरची बारीक व सकस माती घेऊन जाते. प्रथम रानात बोटभर रुंदीचे ओघळ पडतात, पुढे त्यांच्या घळी होतात, आणि दोन-तीन पिढ्यांत माथ्यावरील रान उघडे मुरमाड होऊन बसते. म्हाताऱ्या शेतकऱ्यांस हे ठाऊक नव्हते असे नाही. ओघळीच्या तोंडाशी दगड रचून ताल घालण्याची व तिच्यामागे माती धरण्याची रीत महाराष्ट्रात फार जुनी आहे. परंतु प्रत्येकाची ताल त्याच्या त्याच्या धुऱ्यापुरती. वरच्या शेतकऱ्याने बांध फुटू दिला तर खालच्याची दहा वर्षांची मेहनत एका रात्रीत वाहून जाई, आणि त्यावर इलाज नसे.

ह्या दोषाकडे सरकारचे लक्ष वेधले ते दुष्काळांनी. १८७६-७८ च्या दुष्काळात सोलापूर जिल्हा पोळून निघाला. पोटासाठी बाहेर पडलेल्या माणसांस काम द्यावयाचे म्हणून रस्ते झाले, तलाव झाले. आष्टीचा तलाव हे त्या काळातील कामांपैकीच एक. सोलापूरजवळचा एकरूख तलाव त्याच्या थोडा आधीचा, १८७१ च्या सुमाराचा. पुढे १८९६-९७ चा व त्यामागून १८९९-१९०० चा दुष्काळ आला. त्या काळच्या शहाण्या अधिकाऱ्यांचा विचार असा की, पाणी नाही म्हणून दुष्काळ पडतो. तेव्हा पाणी साठवावे. विचार चुकीचा नव्हता, अपुरा होता. तलावात येणारे पाणी रानावरूनच येते. रान उघडे राहिले तर पाण्याबरोबर गाळही येणार, आणि ज्या शेतासाठी तलाव बांधला त्या शेताचीच माती तलावाच्या तळाशी जाऊन बसणार, हा हिशेब त्या वेळी मांडला गेला नाही.

दुसरा धडा भीमेच्या पलीकडच्या मुलखाने दिला. नीरेचा डावा कालवा १८८५ च्या सुमारास वाहू लागला आणि बारामतीकडील कोरड्या रानांत ऊस डोलू लागला. परंतु काही वर्षांतच कित्येक सखल शेते पाणथळ झाली. जमिनीवर पांढरे क्षार फुलून आले. सोन्यासारख्या रानांची चोपणे झाली. पाणी आणण्याची योजना झाली होती, पण नको असलेले पाणी बाहेर काढण्याची झाली नव्हती. खोल चर खणून, तुंबलेल्या पाण्यास नाल्यापर्यंत उतार देऊन अशा जमिनी पुन्हा पिकत्या करण्याचे काम इंजिनियरांस पुढे कित्येक वर्षे करावे लागले. करमाळ्याच्या उताराचे दुखणे वाहून जाणाऱ्या पाण्याचे, तर बारामतीच्या सखल भागाचे दुखणे न वाहणाऱ्या पाण्याचे. दोहोंचे मूळ एकच: पाण्याच्या वाटेचा विचार न होणे.

ह्या विचारास शास्त्राची बैठक मिळाली ती विसाव्या शतकाच्या दुसऱ्या पावशतकात. १९२३ मध्ये पुण्याजवळ मांजरी येथे कोरडवाहू शेतीचे प्रयोग सुरू झाले. पुढे शेतकी संशोधनाच्या मध्यवर्ती मंडळाच्या साहाय्याने १९३३ मध्ये सोलापूर व विजापूर येथे संशोधन केंद्रे निघाली. ह्या कार्यात कानिटकरांचे नाव आदराने घेतले जाते. कोरडवाहू शेतीवरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९४४ साली प्रसिद्ध झाला. ह्या केंद्रांतून प्रयोगाच्या वाफ्यांखाली टाक्या बसवून प्रत्येक पावसात किती पाणी वाहिले व त्याबरोबर किती माती गेली हे मोजण्यात येऊ लागले. जी गोष्ट शेतकरी डोळ्यांनी पाहत होता ती आता मापाने सिद्ध झाली. त्यावरून जो उपाय निघाला तो दिसण्यात साधा होता. बांध धुऱ्यावर घालू नये; ज्या ज्या ठिकाणी जमिनीची उंची सारखी आहे ते ते बिंदू जोडून जी वाकडीतिकडी रेषा होते त्या समपातळीच्या रेषेवर घालावा. असा बांध पाण्यास धावू देत नाही, थांबवून मुरवितो. आणि जे जास्त होईल त्यास ठरलेल्या जागी, दगडी सांडव्यावरून, हळू उतरवितो.

उपाय साधा, पण त्यात एक मोठी अडचण होती. जमिनीची समपातळी रेषा मालकीची हद्द ओळखीत नाही. ती एका शेतातून निघते, दुसऱ्याचा कोपरा कापते व तिसऱ्याच्या रानात जाऊन संपते. एका मालकाने नकार दिला तर सगळी रेषाच तुटते. ह्या अडचणीवर मुंबई सरकारने १९४२ मध्ये जमीन सुधारणा योजनांचा कायदा केला. त्यात एका उतारावरील सर्व शेते मिळून एक योजना करावयाची, मालकांच्या हरकती ऐकून घ्यावयाच्या, आणि योजना कायम झाली म्हणजे ती सर्वांवर बंधनकारक, असे तत्त्व होते. त्याच सुमारास विजापूरकडे पडलेल्या दुष्काळात मदतीची कामे म्हणून समपातळी बांधांची कामे मोठ्या प्रमाणावर घेण्यात आली. ह्या कायद्याचे महत्त्व त्याच्या कलमांत नाही, त्यातील एका विचारात आहे. जमीन एकाची असेल. उतार एकाचा नसतो. वरचा जे करतो ते खालच्यास भोगावे लागते. म्हणून वरच्याचे कर्तव्य व खालच्याचे संरक्षण ही दोन्ही एकाच कागदावर आली पाहिजेत.

अर्थात प्रयोगशाळेतला नियम रानात गेला की त्याची परीक्षा होते. मध्यम व हलक्या जमिनीत समपातळी बांध उत्तम टिकले. पण सीना-भीमेच्या काठच्या खोल काळ्या जमिनीत त्यांच्यामागे पाणी साचून पीक पिवळे पडू लागले, आणि उन्हाळ्यात बांधासच भेगा पडून पावसाळ्यात तो फुटू लागला. तेव्हा अशा जमिनीत बांधास मुद्दाम किंचित ढाळ द्यावा व पाणी गवताच्या चरातून नाल्यास नेऊन सोडावे, अशी सुधारणा झाली. अडविणे व काढून देणे ह्या परस्परविरुद्ध गोष्टी नसून एकाच कामाच्या दोन बाजू आहेत, हे ह्या अनुभवाने पक्के झाले.

१९७२ च्या दुष्काळाने ही विद्या खेड्याखेड्यांत पोचविली. १९७३ च्या मे महिन्यात महाराष्ट्रातील दुष्काळी कामांवर सुमारे पन्नास लक्ष माणसे राबत होती. त्यांच्या हातून बांधबंदिस्ती झाली, नाल्यांस बांध पडले, पाझर तलाव झाले. ह्या अनुभवातूनच पुढे रोजगार हमीचा कायदा झाला. सोलापूर जिल्ह्याच्या रानांत ह्या कामांच्या खुणा आजही दिसतात. मात्र घाईने झालेली कित्येक कामे खालून वर गेली: नाल्यात बांध आधी, आणि माथ्यावरील रानाचा बंदोबस्त मागाहून किंवा मुळीच नाही. असे बांध गाळाने भरून गेले. म्हणून १९८० नंतर पाणलोट क्षेत्राच्या कामांत ‘माथ्यापासून पायथ्यापर्यंत’ हा क्रम सांगितला जाऊ लागला. एका शतकाच्या अनुभवातून असे तीन नियम हाती आले. मातीचा वरचा थर हेच खरे भांडवल, ते प्रथम राखावे. पाण्याची वाट आधी आखावी, बाकीचे काम मागून करावे. आणि उताराचा विचार माथ्यापासून नाल्यापर्यंत, हद्दी न मोजता, एकत्र करावा.

ह्या नियमांचा दगडी कोळशाशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध जवळचा आहे. ज्या सोलापूर जिल्ह्यात हे नियम घासून तयार झाले, त्याच जिल्ह्यात फताटेवाडी येथे १,३२० मेगावॉटचे औष्णिक वीजकेंद्र २०१७ ते २०१९ ह्या काळात सुरू झाले. तेथे कोळसा आगगाडीने येतो. चंद्रपूरच्या वीजकेंद्राची शक्ती तर २,९२० मेगावॉट आहे. शहरातील घराघरांत बटण दाबताच लागणारा दिवा बव्हंशी असा कोळशावर लागतो, आणि तो कोळसा कोणत्या तरी उतारावरील माती बाजूस सारूनच वर आलेला असतो.

महाराष्ट्रातील कोळशाचा इतिहास वर्धा नदीच्या खोऱ्यात घडला. १८७० नंतरच्या दशकात वरोरा येथे सरकारी खाण सुरू झाली व १९०६ मध्ये बंद पडली. ती खाण भुयाराची होती. माणसे खाली उतरत, वरची शेते वरच राहत. पुढे यंत्रे मोठी झाली आणि रीत बदलली. १९७३ मध्ये कोळशाच्या खाणी राष्ट्राच्या मालकीच्या झाल्या. १९७५ मध्ये नागपूर येथे वेस्टर्न कोलफील्ड्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली. आणि दुर्गापूर, पद्मापूर, सास्ती, घुग्घुस, उमरेड ह्या ठिकाणी उघड्या खाणींचा विस्तार झाला. उघड्या खाणीत भुयार नसते. कोळशावरील काळी माती, मुरूम, चिकणमाती व वालुकाश्म हे सर्व सुरुंगाने फोडून व यंत्राने उचलून बाजूस टाकावयाचे आणि कोळसा उघडा करून न्यावयाचा, अशी ती रीत आहे. करमाळ्याच्या उतारावर पावसाने जे शंभर वर्षांत केले, त्याहून अधिक येथे यंत्र एका हंगामात करते. आणि वर्धेच्या खोऱ्यातील पाऊस सोलापूरच्या सुमारे दुप्पट आहे.

असा उलथलेला उतार पुन्हा बसविणे म्हणजे केवळ खड्डा बुजविणे नव्हे. फोडलेला खडक मूळ जागेपेक्षा अधिक जागा व्यापतो. तो साधारणतः पाचव्या-चौथ्या हिश्शाने फुगतो. म्हणून सुरुवातीस काढलेल्या मालाचे डोंगर खाणीबाहेर उभे राहतात, आणि शेवटी कोळसा नेल्यामुळे जो खड्डा उरतो तो भरण्यास जवळ माल नसतो. भरलेला भाग पुढे कित्येक वर्षे खचत राहतो. जेथे तो असमान खचतो तेथे डबकी होतात. जेथे जड वाहने फिरली तेथे जमीन इतकी दाबली जाते की पाणी मुरत नाही व मुळे उतरत नाहीत. वरची काळी माती आधी निराळी काढून ठेविली नाही तर ती खालच्या दगडमातीत मिसळून कायमची नाहीशी होते. आणि ढीग लावून फार वर्षे ठेविली तर तिच्यातील सूक्ष्म जीव नष्ट होऊन ती निःसत्त्व होते. तेव्हा चांगल्या कामाचा क्रम ठरलेला आहे: काळी माती निराळी राखावी, मागे भरत व पुढे खणत जावे, ढिगांस पायऱ्या पाडून त्यांचा उतार सौम्य करावा, भोवती माळेसारखे चर काढून ढिगावरील पाणी गाळ बसण्याच्या कुंडात न्यावे, मगच नाल्यास सोडावे, आणि सर्वांत शेवटी काळी माती पसरून गवत, मग झुडपे, मग झाडे लावावीत. हेच सोलापूरचे तीन नियम होत. फक्त प्रमाण मोठे.

पाण्याची वाट विसरल्याने काय होते, ह्याचे सर्वांत हृदयद्रावक उदाहरण वेल्स देशातील अॅबरफॅन गावाचे आहे. ती खाण भुयाराची होती, पण तिच्यातील टाकाऊ माल गावावरील डोंगरउतारावर वर्षानुवर्षे रचला जात होता. त्यांतील एक ढीग चक्क झऱ्यांवर उभा केला गेला होता. ढिगाखाली झरा वाहतो आहे, हे स्थानिकांस माहीत होते आणि नकाशावरही होते. २१ ऑक्टोबर १९६६ रोजी सकाळी, शाळा भरलेली असताना, पाण्याने भिजलेला तो ढीग घसरून शाळेवर व घरांवर आला. १४४ माणसे दगावली. त्यांत ११६ मुले होती. हा अनर्थ टाळता आला असता, असाच निष्कर्ष चौकशी मंडळाने काढला. तेव्हापासून ढिगांचा कायदा १९६९ मध्ये ब्रिटनमध्ये निराळा झाला.

अमेरिकेने ह्याहून पुढचे पाऊल टाकले. ३ ऑगस्ट १९७७ रोजी तेथे उघड्या खाणींचा जो कायदा झाला, त्यात खाणवाल्याने जमिनीचा चढउतार जवळजवळ पूर्वीसारखा करून द्यावा, वरची माती निराळी राखावी व आसपासच्या पाण्याचा तोल बिघडू देऊ नये, असे दंडक घातले गेले. काम होईपर्यंत जामीन रक्कम ठेवावयाची. ती काम पटल्यावरच परत मिळावयाची. ह्याशिवाय उघड्या खाणीतील प्रत्येक टनामागे ३५ सेंट घेऊन त्यातून पूर्वीच्या, मालक नाहीसे झालेल्या खाणींची दुरुस्ती करावयाची, अशीही तजवीज करण्यात आली. हिंदुस्थानात कोळसा मंत्रालयाने २००९ मध्ये खाण बंद करण्याच्या योजनेचे नियम काढले. खाण चालू असतानाच टप्प्याटप्प्याने जमीन सावरावी व त्यासाठी निराळ्या खात्यात पैसा ठेवावा, असे ठरले. त्या वेळी उघड्या खाणीस हेक्टरी ६ लक्ष रुपये व भुयारी खाणीस १ लक्ष रुपये असा दर धरला होता. नियम उशिरा आले खरे, पण आले. खणणाऱ्यानेच सावरावे, हे तत्त्व मान्य झाले, ही गोष्ट लहान नव्हे.

तरीही एक प्रश्न शिल्लक राहतो, आणि तो पैशाने सुटण्यासारखा नाही. ज्याची जमीन खाणीत जाते त्यास मोबदला मिळतो. तो पुरेसा असो वा नसो, त्याचे नाव कागदावर तरी असते. परंतु खाणीच्या हद्दीबाहेर, उताराच्या खालच्या अंगास ज्याचे चार एकर आहे, त्याचे नाव कोणत्याच कागदावर नसते. त्याची जमीन कोणी घेतलेली नाही. फक्त त्याच्या विहिरीस येणारे पाणी खोल खड्ड्याकडे वळते, किंवा त्याच्या नाल्यात ढिगाची माती उतरते, किंवा जो ओढा त्याच्या बांधापासून दूर वाहत होता तो वळविला जाऊन श्रावणात त्याच्या कापसात शिरतो. खाणीचा नकाशा जेथे संपतो तेथे त्याचे दुःख सुरू होते.

ह्याच ठिकाणी १९४२ च्या त्या जुन्या कायद्यातील विचार पुन्हा आठवावासा वाटतो. करमाळ्यासारख्या गरीब तालुक्यातील कोरडवाहू शेतकऱ्यास, शेजाऱ्याच्या हितासाठी आपल्या रानातून बांध जाऊ दे, असे कायद्याने सांगितले. आणि त्याने ते बहुधा ऐकले. जो नियम दहा एकरांच्या धन्यास लावला तो शेकडो हेक्टर उलथणाऱ्या खाणीस लावण्यात अन्याय काहीच नाही. खाणीची योजना खाणीच्या हद्दीपुरती न करता माथ्यापासून नदीपर्यंतच्या सगळ्या पाणलोटाची करावी. खालच्या शेतकऱ्याची हरकत आधी ऐकावी, नुकसान झाल्यावर नव्हे. आणि सावरलेल्या उतारावर निदान काही पावसाळे पाणी कोणत्या वाटेने जाते हे पाहिल्यावाचून काम पुरे झाले असे म्हणू नये. झाडे लावल्याचा आकडा प्रत्येक अहवालात असतो. चांगले दिसणारे हिरवे ढीग छायाचित्रातही येतात. परंतु जमीन खरोखर परत मिळाली की नाही, ह्याची साक्ष झाड देत नाही. ती पहिल्या मोठ्या पावसानंतर नाल्यातून वाहणारे पाणी देते. ते गढूळ आहे की निवळ, आणि ते पूर्वीच्या वाटेने गेले की नव्या, एवढे पाहिले म्हणजे पुरे.

शहरातील सुशिक्षित कुटुंबांस हा विषय दूरचा वाटण्याचा संभव आहे. पण दिव्याचे देयक भरताना आपण विजेची किंमत देतो. उताराची किंमत मात्र दुसरा कोणी तरी देत असतो. ती योग्य त्या माणसाकडून वसूल व्हावी, एवढा आग्रह नागरिकांनी धरला, वृत्तपत्रांनी धरला, तर कायद्याच्या कलमांत प्राण येईल. सोलापूरच्या कोरड्या रानाने शंभर वर्षांच्या दुष्काळांतून जे ज्ञान मिळविले ते स्वस्त नव्हते. वर्धेच्या काठी ते पुन्हा तितक्याच किमतीस विकत घेण्याचे कारण नाही.